बिनचमकीचा काळा

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. अलीकडे आमचा जालना. धुळे–सोलापूर महामार्ग गावाला लागूनच जातो; पूर्वी त्याचा नंबर २११ होता, आता ५२ आहे. याच रस्त्यावर मी डेंटिंग-पेंटिंग करतो. आमच्या धंद्यात बिनचमकीची गाडी म्हणजे अर्धं राहिलेलं काम. प्रायमर मारून जीप उभी केली की लोक विचारायचे, "पैसे संपले का काय मालकाचे?" आता पोरं मोबाइलवर लॅम्बोर्गिनीचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "काका, आपल्या थारला असाच काळा मारा. चमक अजिबात नको."

ही उलटापालट फार जुनी नाही. मोटारीचा रंग शंभर वर्षं चमकीच्याच मागे होता. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात निघाली, पण तो काळाही चकचकीत. पुढे ड्युको लॅकर आला, सुकायला आठवडे लागायचे ते काम तासांवर आलं आणि रंगांना ऊत आला. आपल्याकडे १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला रंगाचा जो कारखाना निघाला, त्याचंच पुढे नेरोलॅक झालं. एशियन पेंट्स १९४२ मध्ये गिरगावातून सुरू झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी तर सगळ्यांनी पाहिली आहे.

मला शिकवलं तेही चमकीचंच. पुट्टी, प्रायमर, पाणी सोडत वॉटर पेपर, रंग, वर क्लिअर, मग दोन हजार नंबरचा पेपर आणि शेवटी कंपाउंड. उस्ताद दारासमोर उकिडवे बसायचे आणि रंगात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचे. ट्यूब सरळ दिसली तर काम पास. कुठे वाकडी झाली की पुन्हा पुट्टीपासून.

मॅटला मान मिळाला तो आधी रॅलीत. बॉनेटवरची तिरीप ड्रायव्हरच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तेवढाच भाग बिनचमकीचा काळा करायचे. १९७२ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारी लांचिया फुल्विया तशीच होती, अंगानं लाल आणि बॉनेट काळं. २००७ मध्ये लॅम्बोर्गिनीनं रेव्हेंटॉन आणली, तिचा राखाडी-हिरवट रंगही मॅटच. तिथून ही हौस पसरली. आता चाकणला स्कोडा कुशाकची मॅट आवृत्ती निघाली (२०२३) आणि महिंद्रानं बीई ६ सॅटिन काळ्यात काढली (२०२५).

मला हा रंग मनापासून आवडतो. चमक नसली की नजर थेट पत्र्याच्या घडणीवर जाते; चाकावरची कमान, दाराची कड स्पष्ट उठून दिसते. पण कामाला यासारखा कठीण रंग नाही. क्लिअरमध्ये सिलिकाचे बारीक कण असतात, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि उजेड विखुरतो. चकचकीत रंगात धुळीचा कण बसला तर पेपर मारून कंपाउंडनं काढता येतो. इथे घासलं की खडबड सपाट होते आणि तेवढाच डाग चमकू लागतो. गनचा हात कमी-जास्त पडला की पट्टे दिसतात. एक ओरखडा आला तरी अख्खं दार नव्यानं रंगवावं लागतं. आमच्याकडे पहाटे वारा नसताना, जमिनीवर पाणी मारूनही रस्त्याची धूळ आत येतेच. म्हणून मॅटचं काम मी शेडमध्ये घेत नाही, बंद बूथ असलेल्या ठिकाणी संभाजीनगरला पाठवतो.

काही जणांना मिलिटरीसारखा मॅट हिरवा हवा असतो. तो मी मारत नाही. ऑलिव्ह ग्रीन रंग लष्कराशिवाय कुणाच्याही गाडीला कायद्यानं चालत नाही. काळा केलात तरी आरसी बुकात रंग बदलून घ्या.

आणि गाडी नदीत घालून वाळूच्या फडक्यानं, कपड्याच्या पावडरनं धुऊ नका. ब्रशच्या मशीनखाली नेऊ नका, मेण-पॉलिश लावू नका. मॅटसाठीचा सौम्य शाम्पू, भरपूर पाणी आणि स्वच्छ मायक्रोफायबर एवढं पुरतं. पाखराची शीट पडली तर उन्हात वाळायच्या आत भिजवून उचला, घासू नका.

एवढं सांभाळणं जमणार नसेल तर साधा चकचकीत काळाच घ्या.