कान जोडला, पण रक्त परत कसं जाणार?

हेडफोन क्षणभर काढा आणि कानाला हात लावून बघा. किती पातळ आहे ना? एवढ्याशा जागेत रक्त येतं आणि परतही जातं. आजची गोष्ट आहे त्या परत जाण्याची.

साल १९८५, अमेरिकेतलं बॉस्टन. कुत्र्याने पाच वर्षांच्या एका मुलाचा कान तोडला. तिथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. जोसेफ अप्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक दोऱ्याने तो कान परत जोडला. तासन्‌तास चाललेलं काम! पण काही दिवसांतच कान काळानिळा पडायला लागला.

झालं काय होतं? धमनीतून रक्त आत येत होतं, पण ते बाहेर नेणाऱ्या शिरा फार नाजूक, त्यात गुठळ्या झालेल्या. कान रक्ताने तुंबला होता. गंमत बघा, कान मरत होता तो रक्त कमी पडून नाही, साचून! नव्या शिरा फुटायला आठवडाभर तरी लागतो. तोवर तुंबलेलं रक्त काढणार कोण?

अप्टन यांना आठवल्या जळवा. हो, त्याच, पावसाळ्यात कोकणात पायाला चिकटतात त्यांच्या भाईबंद! वेल्समधल्या जळवा पाळणाऱ्या एका कंपनीकडून त्या विमानाने आल्या, कानाला लावल्या, आणि कान वाचला.

जळू स्वतः पिते फार थोडं, पाच ते पंधरा मिलिलिटर. खरी करामत तिच्या लाळेची. त्यातलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून जळू गळून पडल्यावरही जखम कित्येक तास पाझरत राहते. रक्त गोठू न देणारं असं काहीतरी जळवेत आहे, हे जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्येच दाखवलं होतं. पण एकोणिसाव्या शतकात युरोपने तापापासून डोकेदुखीपर्यंत सगळ्यावर जळवा लावून त्यांचं नाव इतकं खराब केलं होतं, की पुढे डॉक्टर त्यांचं नाव काढायलाही लाजायचे. १९६० मध्ये युगोस्लाव्हियातल्या दोन सर्जननी तुंबलेल्या त्वचेवर त्या वापरून निबंध छापला, पण त्याकडे लक्ष द्यायला बराच काळ गेला.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्या सुश्रुतसंहितेत आहेच की! आहे, पण जरा थांबा. सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात जळवा आहेत, सोळाव्यात फाटलेली कानाची पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती. दोन्ही थक्क करणारे. पण पूर्ण तुटलेल्या कानाच्या रक्तवाहिन्या शिवायला सूक्ष्मदर्शक लागतो, तो तेव्हा नव्हता. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करताना एवढं लक्षात ठेवा.

जळवेच्या पोटात जंतूही असतात, म्हणून सोबत अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि रक्त इतकं जातं की कधी बाहेरून चढवावंही लागतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जळवांना रीतसर परवानगी दिली. कोणत्या खात्यात, माहितीये? वैद्यकीय उपकरण!