एकाच सिलिकॉनची दोन घराणी : सर्व्हर आणि डेस्कटॉप प्रोसेसर वेगळे कसे झाले?

१/१६
१८ मे २००३. बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. ब्रुसेल्स परिसरातील स्कारबेक येथे संगणकावर मतमोजणी सुरू असताना एका उमेदवाराच्या नावापुढे अशक्य वाटावा असा आकडा उमटला. मतदानाची चुंबकीय कार्डे पुन्हा वाचण्यात आली, तेव्हा त्या उमेदवाराची मते नेमकी ४०९६ ने घटली. तज्ज्ञांनी प्रोग्रॅम तपासला, पण त्यात दोष आढळला नाही. #थ्रेड

२/१६
४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. द्विमान पद्धतीने लिहिलेल्या संख्येतील तेराव्या स्थानावरच्या शून्याचा एक झाला, की बेरीज बरोबर एवढ्याने वाढते. मेमरीतील एक बिट आपोआप उलटला असावा, हेच संभाव्य कारण मानले गेले. आकडा अशक्य होता म्हणून चूक उघडकीस आली. तो शक्यतेच्या मर्यादेत असता, तर कोणाला शंकाही आली नसती.

३/१६
अशी चूक काही संगणक स्वतः पकडतात आणि दुरुस्त करतात; काहींना तिचा पत्ताही लागत नाही. सर्व्हर आणि डेस्कटॉप यांच्या प्रोसेसरमधील एक महत्त्वाचा भेद येथेच आहे. सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे अधिक वेगवान प्रोसेसर, ही समजूत सार्वत्रिक असली तरी पुरेशी नाही. ही दोन घराणी कशी वेगळी झाली? त्या विभागणीत गरज किती होती आणि व्यापार किती?

४/१६
चूक दुरुस्त करण्याची विद्या प्रोसेसरपेक्षाही जुनी आहे. बेल लॅब्समधील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांची गणिते शनिवार-रविवारी रिले यंत्रावर चालत. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागे आणि सोमवारी हाती काहीच येत नसे. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये? या प्रश्नातून १९५० मध्ये हॅमिंग कोड प्रसिद्ध झाला. सर्व्हरमधील रूढ पद्धतीत ६४ बिटांसोबत ८ तपासणी बिट साठवले जातात. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान इशारा मिळतो. हीच ईसीसी मेमरी.

५/१६
पण बिट मुळात उलटतो कशाने? १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या मेमरी चिपमध्ये गूढ चुका होऊ लागल्या. टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी कारण शोधले : चिपच्या वेष्टनात युरेनियम-थोरियमचा अत्यल्प अंश होता आणि त्यातून निघणारे अल्फा कण साठवलेला विद्युतभार बिघडवत होते. वेष्टने शुद्ध करता आली. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांना मात्र कोण अडवणार?

६/१६
१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८८ प्रोसेसर होता. घरात आणि कचेरीत वापरायच्या या छोट्या यंत्रातही दर आठ बिटांमागे नववा बिट केवळ पहारेकरी म्हणून ठेवलेला होता. ही पॅरिटी पद्धत चूक दुरुस्त करत नसे. पण चूक आढळताच यंत्र थांबे. खोटे उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणे बरे, हा त्यामागचा विचार. तेव्हा हा पहारा सर्वसामान्यांच्या यंत्रातही होता, हे येथे लक्षात ठेवावे.

७/१६
१९९५ हे वळणाचे वर्ष. मेमरी महाग होती आणि नववा बिट म्हणजे एक-अष्टमांश अधिक खर्च. त्या वर्षी आलेल्या इंटेलच्या ४३०एफएक्स चिपसेटमध्ये पॅरिटीची सोयच नव्हती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पेंटियम प्रो आला. एकाच मदरबोर्डवर असे चार प्रोसेसर बसत आणि ३२-बिट प्रोग्रॅम तो सफाईने चालवी. १६-बिट प्रोग्रॅमवर मात्र तो मंदावे. विंडोज ९५ मध्ये अजून बराच १६-बिट भाग होता. त्यामुळे घरगुती ग्राहकाला त्याचा विशेष उपयोग नव्हता. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत मात्र हजारो पेंटियम प्रो जोडून ‘आस्की रेड’ उभा राहिला आणि सेकंदाला १ लाख कोटी गणिती क्रियांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला महासंगणक ठरला.

८/१६
१९९८ मध्ये या विभागणीचे रीतसर नामकरण झाले. इंटेलने एकाच कुळातून तीन नावे पुढे आणली. स्वस्त सेलेरॉन, मधला पेंटियम टू आणि सर्व्हरसाठी झिऑन. पेंटियम टूची कॅश मेमरी प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले, झिऑनची पूर्ण वेगाने. पेंटियम टू एका मदरबोर्डवर दोन लावता येत, झिऑन चार. पहिल्या सेलेरॉनमध्ये तर दुसऱ्या पातळीची कॅश ठेवलेलीच नव्हती. गणना करणारा गाभा मात्र तिघांचाही मूलतः एकच होता.

९/१६
ही फूट निव्वळ विक्रीची क्लृप्ती होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डेस्कटॉपवर एक माणूस एका वेळी दोन-चार कामे करतो आणि त्याला प्रतिसाद तत्काळ हवा असतो. सर्व्हरकडे हजारो माणसांच्या मागण्या एकदम येतात. त्याला अनेक गाभे, प्रचंड मेमरी आणि अहोरात्र चालण्याची क्षमता लागते. मोटारसायकल लवकर पोहोचवते, पण गावची जत्रा न्यायला एसटीच लागते. एवढी फूट गरजेची होती.

१०/१६
व्यापाराची रेषा कुठे होती, ते हौशी मंडळींनी दाखवून दिले. १९९९ मध्ये ॲबिट कंपनीने बीपी६ नावाचा मदरबोर्ड आणला. सेलेरॉन हा एकट्याने वापरायचा प्रोसेसर म्हणून विकला जात होता. बीपी६ वर मात्र दोन सेलेरॉन, त्यांत काहीही फेरफार न करता, जोडीने चालू लागले. ही क्षमता चिपमध्ये आधीपासून होती, फक्त ग्राहकाला दिलेली नव्हती. सेलेरॉनच्या पुढच्या पिढीत इंटेलने ती वाट बंद केली.

११/१६
त्याच सुमारास गूगलने उलटा प्रयोग केला. १९९९ चे त्यांचे सर्व्हर म्हणजे बुचाच्या पत्र्यावर उघडे मांडलेले साधे पीसी मदरबोर्ड. एका फळीवर चार. यंत्रे बिघडणारच, म्हणून बिघाड सॉफ्टवेअरने सांभाळायचा, हे त्यांचे सूत्र. २००३ च्या एका शोधनिबंधानुसार अशा १५,००० हून अधिक पीसींवर गूगलचा शोध चालत होता.

१२/१६
मात्र या सूत्रालाही मर्यादा होती. बंद पडलेले यंत्र ओळखता येते. चालू राहून चुकीचे उत्तर देणारे यंत्र ओळखणे कठीण. २००० च्या सुमारास गूगलची नवी शोधसूची तयार होत असताना भलतीच पाने निकालात येऊ लागली. तपासाअंती दोष मेमरीतील बिघडलेल्या बिटांकडे गेला. त्या यंत्रांत पॅरिटीचाही पहारा नव्हता. पुढील यंत्रांत गूगलने ईसीसी मेमरी घेतली. काटकसरीच्या या प्रयोगातून सर्व्हरची खरी गरज कोणती, ते नेमके कळले.

१३/१६
२००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणला. तोवर इंटेलच्या सर्व्हर घराण्याचा ६४-बिट वारस म्हणून इटॅनियम पुढे केला जात होता; पण त्याची आज्ञावली निराळी आणि जुने प्रोग्रॅम त्यावर संथ. ऑप्टेरॉन जुने ३२-बिट प्रोग्रॅमही चालवी आणि नवे ६४-बिटही. पाच महिन्यांत त्याच घडणीचा ॲथलॉन ६४ डेस्कटॉपवर आला. २००४ मध्ये इंटेलनेही झिऑनमध्ये हीच वाट स्वीकारली. पुण्याचा ‘एका’ महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथा आला, तो झिऑनच्या बळावर. त्या झिऑनची घडण घरोघरच्या ‘कोअर टू’ कुळातलीच होती.

१४/१६
ऑप्टेरॉनने आणखी एक बदल केला. मेमरीवर ताबा ठेवणारा भाग चिपसेटमधून थेट प्रोसेसरमध्ये आला. इंटेलने २००८ मध्ये तसेच केले. आता ईसीसी मिळणार की नाही, हे प्रोसेसरवरच ठरू लागले. डेस्कटॉपचा कोअर आय७-९२० आणि झिऑन डब्ल्यू३५२० यांची तुलना करावी : कूळ एक, गाभे चार-चार, वेग २.६६ गिगाहर्ट्झ. झिऑनमध्ये ईसीसी होते, आय७ मध्ये नव्हते. १९८१ च्या पीसीतला पहारेकरी आता वेगळ्या नावाच्या प्रोसेसरसोबतच मिळू लागला.

१५/१६
पहाऱ्याची गरज मात्र ओसरली नव्हती. २००९ मध्ये गूगलच्या यंत्रांवरील अभ्यासात दिसले की, वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश यंत्रांत मेमरीची किमान एक चूक होते. २०१४ मध्ये ‘रोहॅमर’ दोष पुढे आला : मेमरीची एक ओळ वारंवार उघडल्यास शेजारच्या ओळीतील बिट उलटतात. मग २०१७ मध्ये एएमडीने एकाच सिलिकॉन तुकड्यातून दोन्ही घराणी घडवली. एक तुकडा म्हणजे ८ गाभ्यांचा रायझन, चार तुकडे म्हणजे ३२ गाभ्यांचा एपिक. रायझन ७ १८००एक्सचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, एपिक ७६०१ चा २.२. पण एपिककडे मेमरीच्या ८ वाटा, रायझनकडे २. एकेका गाभ्याच्या वेगात सर्व्हरचा प्रोसेसर मागे. एकत्र भार वाहण्यात कितीतरी पुढे.

१६/१६
गाभ्यांची संख्या, मेमरीच्या वाटा, अनेक प्रोसेसरची जोडणी : हा भेद कामाच्या स्वरूपातून आला आणि तो टिकेल. उत्तर खरे असण्याची हमी मात्र १९८१ मध्ये सर्वांसाठी होती, १९९५ नंतर खर्चापायी गळली आणि पुढे किमतीच्या पायरीवर जाऊन बसली. २०२२ मध्ये डब्ल्यू६८० चिपसेटसह इंटेलच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरनाही ईसीसी मिळाले. म्हणजे ही रेषा माणसांनी आखली होती आणि माणसांना ती हलवताही येते. स्कारबेकची चूक पकडली गेली, कारण आकडा अशक्य होता. विद्यार्थ्याचा प्रबंध, दुकानदाराचा हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे यांत उलटलेला बिट तेवढा ठळक नसतो. नवा संगणक घेताना गिगाहर्ट्झच्या आकड्याखालची ईसीसीची ओळही जरूर वाचावी. (समाप्त)