दुष्काळ : निसर्गाचा आणि राज्यकर्त्यांचा



आफ्रिकेतील दुष्काळाची वृत्ते वाचताना हा दूरदेशीचा दैवकोप आहे, अशी आपली समजूत होते. आपल्या बेळगाव जिल्ह्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

इ. स. १८७६ मध्ये पर्जन्याने दगा दिला. उचगावला सह्याद्रीच्या पावसाचा आधार आहे. परंतु अथणी, गोकाक, सौंदत्ती हा जिल्ह्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेतला. तेथील आणि विजापूर, धारवाड, सोलापूरकडील पिके करपली. निसर्गाचा वाटा एवढाच.

शेती थांबली तशी शेतमजुराची मजुरी थांबली आणि धान्याची धारण भडकली. व्हाइसरॉय लिटन यांचे सरकार मात्र खुल्या व्यापाराच्या तत्त्वाला चिकटून राहिले. देशात उपासमार चालू असता गहू विलायतेस जातच होता. १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास रोज एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे पुरेत, असा दंडक घातला. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. १८७२ व १८८१ या दोन खानेसुमारींच्या दरम्यान बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

अवर्षणाचा पहिला घाव रोजगारावर पडतो, हे पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानेही मान्य केले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला : धान्य असणे वेगळे आणि ते मिळविण्याची ऐपत असणे वेगळे.

या कसोटीवर आफ्रिका पाहावी. १९८४ मध्ये इथिओपियातील वोलो व तिग्राई प्रांत अवर्षणात आणि यादवी युद्धात होरपळत असता राजधानीत क्रांतीचा दशकोत्सव थाटात साजरा झाला. त्याच दशकात बोट्स्वानात लागोपाठ वर्षे पाऊस हुकला. परंतु निवडून आलेल्या सरकारने शिधा व कामे पुरविली आणि भूकबळींचे संकट टळले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेही हाच मार्ग धरला. पुढील वर्षी सुमारे ५० लाख मजूर सरकारी कामांवर होते. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला.

पाऊस आपल्या हाती नाही. मात्र उपाशी माणसाचे गाऱ्हाणे सरकारदरबारी पोहोचवणे आणि त्याचा जाब मागणे हे शिकलेल्या माणसाच्या हाती आहे. सार्वजनिक सभेने परक्या राजवटीत ते केले. या शाळेतून शिकून गेलेल्यांनी स्वराज्यात तरी त्यात कसूर करू नये.