मुंबईतील सामुदायिक शहरी शेती

मुंबईतील सामुदायिक शहरी शेती म्हणजे मुंबई शहरातील गच्च्या, शाळांची आवारे आणि उद्यानांचे कोपरे अशा जागी कर्मचारी, विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी एकत्र येऊन भाजीपाला व फळे पिकवण्याचा उपक्रम होय. घरगुती कुंड्यांतील बागकामाहून हा प्रकार वेगळा आहे. येथे श्रम, माती आणि पीक तिन्ही सामायिक असतात आणि जागा बहुधा पिकवणाऱ्यांच्या मालकीची नसते. या चळवळीचा आरंभ साधारणपणे २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर झाला असे मानले जाते. तिची वैचारिक मुळे मात्र कोल्हापूर भागातील श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या प्रयोग परिवारात आहेत.

पार्श्वभूमी

शहरात अन्न पिकवण्याची हाक भारतात नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यामुळे तेथून येणारा तांदूळ बंद झाला आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या काळात, १९४३ मध्ये, सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू केली. इंग्लंड-अमेरिकेतही त्याच सुमारास घरांची अंगणे व सार्वजनिक मैदाने भाजीच्या वाफ्यांखाली आली होती. पुढे १९६५च्या सुमारास अन्नटंचाईच्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या शासकीय निवासस्थानाच्या हिरवळीवर स्वतः नांगर धरला होता. या सर्व प्रयत्नांमागे टंचाईचा धाक होता. टंचाई ओसरली, तसे ते वाफेही गेले.

मुंबईतील अलीकडच्या प्रयत्नांचे कारण निराळे आहे. शहराची भाजी नाशिक, पुणे व इतर जिल्ह्यांतून येते आणि प्रामुख्याने वाशीच्या घाऊक बाजारातून वाटली जाते. त्यामुळे शहराला तुटवडा भाजीचा नव्हे, तर कचरा टाकण्याच्या जागेचा भासू लागला. भिगवणसारख्या महामार्गालगतच्या निमशहरी गावात घरामागे चार हात माती असते. खरकटे, पालापाचोळा आणि सांडपाणी तेथील परसबागेत आपोआप जिरते. मुंबईच्या चाळीत वा सदनिकेत ही साखळी तुटलेली असते. ती पुन्हा जोडण्याच्या खटपटीतून येथील सामुदायिक शेती जन्माला आली.

दाभोलकर आणि प्रयोग परिवार

श्रीपाद अच्युत दाभोलकर (निधन २००१) हे गणिताचे अध्यापक. विद्यापीठीय चौकटीबाहेर, शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करावेत आणि त्यांचे निष्कर्ष पत्रांद्वारे एकमेकांना कळवावेत, अशी रचना त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने उभी केली. सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांच्या प्रगतीत या देवाणघेवाणीचा मोठा वाटा होता. पाच माणसांच्या कुटुंबाला सन्मानाने जगण्यासाठी दहा गुंठे जमीन पुरेशी ठरू शकते, हे त्यांचे प्रतिपादन विशेष गाजले. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे मराठी पुस्तक आणि १९९८ मध्ये आलेला ‘प्लेंटी फॉर ऑल’ हा इंग्रजी ग्रंथ या विचारांची मांडणी करतात.

दाभोलकरांचा हिशेब पानापासून सुरू होतो. वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशात तयार होतो, जमिनीतून येणारी खनिजे थोडीच असतात. म्हणून शेताचे क्षेत्रफळ मोजण्याऐवजी ऊन झेलणाऱ्या पानांचे क्षेत्रफळ मोजावे, असे ते सांगत. गच्चीवरील शेतकऱ्याला हा विचार सोयीचा होता, कारण त्याच्याकडे जमीन नसली तरी ऊन भरपूर असते.

मुंबईत या विचाराला आर. टी. दोशी यांच्या प्रयोगांचीही जोड मिळाली. रसवंतीगृहांतून फुकट मिळणारी उसाची चिपाडे प्लास्टिकच्या पिशव्यांत व नळकांड्यांत भरून, त्यांवर थोडी माती घालून त्यांनी आपल्या गच्चीवर भाज्या व फळे घेतली. नंतरच्या अनेक गटांनी ही पद्धत थोड्याफार फरकाने उचलली.

मुंबई पोर्ट ट्रस्टची गच्ची

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताचे मुंबई बंदर प्राधिकरण) मध्यवर्ती स्वयंपाकघरातून सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांना जेवण पुरवले जात असे. भाज्यांची देठे, साली, उरलेला भात, चहाचा चोथा असा ओला कचरा तेथे रोज साचे. भोजन विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याच्या हेतूने गच्चीवर शेती सुरू केली. गच्चीचे क्षेत्रफळ सुमारे ३,००० चौरस फूट होते. स्वयंपाकघरातील कर्मचारी आपले नेमून दिलेले काम संपल्यावर बागेची निगा राखत. कचऱ्याचा सुमारे ९० टक्के भाग तेथेच जिरू लागला आणि गच्चीवर सुमारे १५० झाडे उभी राहिली.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम भाजी हवी. तीन हजार माणसे आणि तीन हजार चौरस फूट गच्ची म्हणजे माणशी एक चौरस फूट. एवढ्या जागेतून रोज ३०० ग्रॅम भाजी निघणे कोणत्याही पद्धतीने अशक्य आहे. तेव्हा या गच्चीने बंदराच्या कामगारांना पोसले असे म्हणणे चूक ठरेल. तिने त्यांचे उष्टे-खरकटे पोटात घेतले, आणि हेच तिचे मूळ प्रयोजन होते.

अर्बन लीव्ह्ज आणि स्वयंसेवक

बंदरातील गच्ची सर्वसामान्यांना खुली नव्हती. हे काम नागरिकांपर्यंत पोहोचवण्यासाठी प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट सुरू केला. गिरगाव चौपाटीवरील नाना-नानी पार्क आणि माटुंग्यातील डॉन बॉस्को शाळेची गच्ची या ठिकाणी गटाने सामुदायिक शेती केली. सुटीच्या दिवशी सकाळी जमणे, पालापाचोळा गोळा करून बारीक करणे, वाफे भरणे, रोपे लावणे आणि निघालेली भाजी उपस्थितांत वाटून घेणे असे कामाचे साधारण स्वरूप असे. येणाऱ्यांत नोकरदार, गृहिणी, निवृत्त मंडळी आणि महाविद्यालयीन तरुण असत. त्यांतील बहुतेकांनी पूर्वी कधी मातीत हात घातलेला नव्हता.

पुढील दशकात इतरही प्रयत्न झाले. मोहम्मद अली मार्गावरील उड्डाणपुलालगतच्या एका गच्चीवर ‘फ्रेश अँड लोकल’ या गटाने स्वयंसेवकांच्या मदतीने बाग उभारली. ‘ग्रीन सोल्स’ या गटाने उपचारासाठी मुंबईत आलेल्या कर्करोगग्रस्त मुलांसाठी विषमुक्त भाजी पिकवण्याचे काम हाती घेतले. या दुसऱ्या उदाहरणात पीक पिकवणाऱ्यांकडे न राहता थेट गरजूंकडे जाते. ‘वाटून घेणे’ आणि ‘देऊन टाकणे’ या दोन्ही पद्धती मुंबईत आढळतात. विद्यार्थ्यांच्या गटांना दुसरी पद्धत अधिक मानवते, कारण दहा जणांत एक जुडी मेथी वाटण्यात फारसे काही हाती लागत नाही.

अमृत माती

मुंबईतील बहुतेक गटांची तांत्रिक बाजू ‘अमृत माती’वर उभी आहे. दाभोलकरांच्या विचारांचे अनुयायी दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातील बजवाडा येथे ही पद्धत विकसित केली.

प्रथम ‘अमृत जल’ तयार केले जाते. एक लिटर गोमूत्र, एक किलो ताजे शेण आणि ५० ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात मिसळून तीन दिवस ठेवतात व दिवसातून दोन-तीन वेळा ढवळतात. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालतात. वाळलेला पाला, भुसा, चिपाडे असा कोरडा जैवभार या पाण्यात २४ तास भिजवून त्याचे थर रचतात आणि प्रत्येक थरावर थोडी माती पसरतात. प्रमाणित ढीग दहा फूट लांब, तीन फूट रुंद व एक फूट उंच असतो. तो आच्छादून ठेवतात आणि दर आठवड्याला वरखाली करतात. सुमारे महिन्याभराने त्यात गोड, आंबट, तिखट, कडू, तुरट व खारट अशा सहा चवींच्या वनस्पतींचे बी पेरतात. उगवलेली रोपे २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी टप्प्याटप्प्याने कापून, सुकवून त्याच ढिगात परत मिसळतात. कोवळ्या, मध्यम व पक्व पानांतून निरनिराळी द्रव्ये मातीत जावीत हा त्यामागील हेतू. संपूर्ण प्रक्रियेस चार ते पाच महिने लागतात.

नवख्या स्वयंसेवकांची खरी कसोटी याच काळात लागते. भाजी काढायला उत्सुक असलेल्या तरुणांना चार महिने केवळ माती करण्याचे काम करावे लागते. अनेक उपक्रम या टप्प्यावर गळतात.

गच्चीचा भार

ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,६०० ते १,८०० किलोग्रॅमपर्यंत असते. म्हणजे एक फूट जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला ५०० किलोग्रॅमच्या आसपास भार टाकतो. वापरातील सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम आहे. त्यामुळे शेतातील माती तशीच गच्चीवर ओतणे धोक्याचे आहे. चिपाडे, पाला व काथ्या यांचा वापर काटकसरीचा तर आहेच, पण इमारतीच्या सुरक्षिततेसाठीही तो अपरिहार्य आहे. जड पिंपे तुळयांच्या व खांबांच्या रेषेवर ठेवणे, वाफे विटांवर उचलून धरणे आणि जलरोधक थरावर फावडे न चालवणे हे नियम गट कटाक्षाने पाळतात. जुन्या इमारतींत अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

पिके व हंगाम

मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यात अळू, मायाळू, भेंडी आणि दुधी, पडवळ, शिराळी, कारली असे वेल चांगले येतात. पालेभाज्या मात्र पावसाच्या माऱ्याने झोपतात. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर व टोमॅटो यांचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा होय. शेवगा, पपई, केळी, पेरू व लिंबू ही झाडे मोठ्या पिंपात टिकतात. मे महिना सर्वांत अवघड जातो. पाणीकपात, तापलेला स्लॅब आणि परीक्षा संपवून गावी गेलेले विद्यार्थी हे तिन्ही एकाच वेळी येते. ज्या शाळेत सुटीतील पाण्याची जबाबदारी शिपाई वा माळीकाकांवर ठरवून सोपवलेली नसते, तेथे जूनमध्ये बाग नव्याने लावावी लागते.

कायदा, कचरा आणि जागा

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये दिवसाला १०० किलोग्रॅमहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांवर ओल्या कचऱ्याची जागच्या जागी विल्हेवाट लावण्याचे बंधन आले. त्याच वर्षी जानेवारीत देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीच्या धुराने शहर झाकोळले होते. २०१७ पासून मुंबई महानगरपालिकेने मोठ्या गृहनिर्माण संस्थांकडून या नियमाच्या पालनाचा आग्रह धरला. पुणे महानगरपालिकाही गांडूळखत, सौर ऊर्जा वा पर्जन्यजल संचय करणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते. यामुळे संस्थांच्या आवारात खत होऊ लागले, मात्र ते वापरण्यासाठी वाफे असावेत अशी सक्ती कोठेही नाही.

जागेचा हक्क ही या शेतीची सर्वांत दुबळी बाजू आहे. शाळेचे व्यवस्थापन, सोसायटीची कार्यकारिणी वा उद्यानाचा ठेकेदार बदलला की परवानगी मागे घेतली जाऊ शकते. ब्रिटनमध्ये १९०८च्या कायद्याने नागरिकांना लागवडीसाठी तुकडे उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात पडीक भूखंडांवर रहिवाशांनी बागा फुलवल्या. १९९९ मध्ये शहर प्रशासनाने त्यांपैकी शंभराहून अधिक बागांचा लिलाव करण्याचे ठरवले, तेव्हा दोन विश्वस्त संस्थांनी त्या विकत घेऊन वाचवल्या. मुंबईत असा कायदा नाही आणि जमिनीचा भाव पाहता भूखंड विकत घेण्याचा पर्यायही व्यवहार्य नाही. म्हणूनच येथील चळवळ सुरुवातीपासून गच्चीवर चढली. तरीही पाच महिने खपून केलेली माती परवानगी गेल्यास गोण्यांत भरून खाली उतरवावी लागते.

रेल्वेरुळांलगतची भाजी

मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर रोज येणारी शहरी शेती याहून अगदी वेगळी आहे. ‘अधिक धान्य पिकवा’ याच जुन्या नावाच्या योजनेखाली रेल्वे आपल्या कनिष्ठ श्रेणीतील कर्मचाऱ्यांना रुळांलगतची मोकळी जागा लागवडीसाठी परवान्याने देत आली. जमिनीवर अतिक्रमण होऊ नये हाही त्यामागे उद्देश होता. तेथे पालक, लाल माठ, मेथी, भेंडी पिकते आणि बाजारात विकली जाते. नाल्यांच्या सांडपाण्याचा वापर व त्यातील जड धातूंचा धोका यांमुळे ही भाजी वारंवार टीकेचा विषय झाली आहे. गच्चीवरील गटांची भाजी या टीकेत येत नाही. उत्पादनाच्या दृष्टीने मात्र रुळांलगतचे मळे कितीतरी मोठे आहेत, आणि प्रत्यक्षात कसणाऱ्या अनेकांसाठी ते छंद नसून पोटापाण्याचे साधन आहेत.