नसत्या चौकशा

खिडकीत बसलो की नातू म्हणतो, "आजोबा, कशाला नसत्या चौकशा करता?" मग मला अगाथा ख्रिस्तीबाई आठवतात. १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' कादंबरीत त्यांनी घरबसल्या गावाची खबर ठेवणारी कॅरोलाइन ही अविवाहित, प्रौढ बाई रंगवली. १९२८ साली त्यावर नाटक आलं, तेव्हा तिला काढून तरुण मुलगी घातली. बाईंच्या मनाला ते लागलं. मिस मार्पल बहुधा त्यातूनच जन्मली, असं त्यांनी आत्मचरित्रात म्हटलंय. १९३० च्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज'मध्ये शेजारच्या पाद्रीबाबांच्या घरी खून होतो. उलगडा करते ती बागेतून येणारे-जाणारे न्याहाळणारी ही म्हातारी! नाटकवाल्यांना नकोशी झालेली बाईच अखेर जगाला हवीशी झाली. नातवाला म्हटलं, "बाळा, खिडकी उघडीच राहू दे."