फेझची जुनी मदीना: एका दिवसाची सहल आणि कार्यक्रमात नसलेली नमाज

मोरोक्कोच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘फेझ मदीना, एक दिवस’ असं छापलेलं असतं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा तिथेच गोंधळ होतो. इथे मदीना म्हणजे मदीना शरीफ नव्हे. अरबीत मदीना म्हणजे शहर, आणि मोरोक्कोत तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराला हेच नाव आहे. फेझला अरबीत फास म्हणतात. जुन्या फोटोंत पणजोबांच्या डोक्यावर गोंडा लावलेली जी लाल तुर्की टोपी दिसते, तिला फेझ म्हणतात ते याच शहरावरून.

शहराचा पाया इ.स. ७८९ मध्ये इद्रीस पहिले यांनी घातला. ते हजरत हसन (रजि.) यांच्या वंशातले. त्यांचे पुत्र इद्रीस दुसरे यांच्या काळात शहर वाढलं. कुर्तुबा आणि ट्युनिशियातल्या कैरवानहून निघून आलेली कुटुंबं इथे वसली. १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत याचं नाव आहे. आत मोटारी जात नाहीत. सामान खेचर आणि गाढवांवरून येतं. मागून ‘बालाक!’ अशी हाक आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, कारण खेचर थांबत नाही.

आता मुद्द्याचं. एका दिवसाच्या बहुतेक सहली युरोपीय पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. मोरोक्कोत फ्रेंच अंमलापासून बिगर-मुस्लिमांना मशिदींत प्रवेश नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणून वाटाड्या करवीयीन मशिदीच्या दारात गटाला उभं करतो, बाहेरूनच सहन दाखवतो आणि पुढे चालू लागतो. आपलं कुटुंब त्या गटात असेल तर आपणही बाहेरूनच परततो. हे टाळायचं असेल तर सहल ठरवतानाच सांगा की आम्ही मुसलमान आहोत आणि जोहर करवीयीनमध्ये अदा करणार आहोत. मशिदी सहसा नमाजाच्या वेळेलाच उघडतात, त्यामुळे दिवसाचा बाकी कार्यक्रम त्या वेळेभोवती बसवावा लागतो. महिलांची जागा वेगळी असते. त्यांचा दरवाजा कोणता, ते वाटाड्याला आधी विचारून घ्या.

करवीयीनची हकीकत आपल्या मुलींना जरूर सांगावी अशी आहे. कैरवानहून आलेल्या कुटुंबातल्या फातिमा अल-फिहरी यांनी वारशात मिळालेल्या पैशातून ८५९ मध्ये ही मशीद बांधायला घेतली असं सांगतात. बहीण मरियम यांनी नदीपलीकडे अंदलुसियीन मशीद उभारली. ही हकीकत आपल्यापर्यंत येते ती चौदाव्या शतकातल्या इब्न अबी झर यांच्या इतिहासातून, म्हणजे साडेचारशेहून अधिक वर्षांनंतर लिहिलेली. त्यामुळे काही इतिहासकार तपशिलांबद्दल सावध असतात. मात्र शतकानुशतकं इथे दर्स चालले यात वाद नाही. इब्न खल्दून यांच्या ‘किताब अल-इबर’ची हस्तलिखित प्रत इथल्या ग्रंथालयात आहे.

नमाजाला उभे राहिलात की शेजारचा माणूस हात न बांधता सोडून उभा दिसेल. मोरोक्को मालिकी मसलकाचा देश आहे. असरही आपल्या हनफी वेळेच्या आधी होते; कोकणातल्या शाफई मंडळींना तेवढा फरक जाणवणार नाही.

बू इनानिया मदरसा मात्र सगळ्यांना खुला आहे, तिकीट काढून. मरीनी सुलतान अबू इनान यांनी तो १३५० ते १३५५ च्या सुमारास बांधला. फरशीपासून वरपर्यंत आधी रंगीत फरशीकाम, मग गच्चाचं नक्षीकाम, मग देवदाराचं कोरीव लाकूड. याच सुलतानाच्या हुकुमावरून इब्न बतूता यांनी आपली प्रवासकथा इब्न जुझय यांना सांगून लिहवून घेतली; ती १३५५ मध्ये पूर्ण झाली. आपल्या दौलताबादचं आणि नंदुरबारचं त्यातलं वर्णन याच शहरात लिहून निघालं. कार्यक्रमपत्रिकेत हे सापडणार नाही.

शुवारा चर्मालयाला गट नेतातच. वरच्या गच्चीवरून चुन्याचे पांढरे आणि रंगांचे दगडी हौद दिसतात. कातडं मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात, त्यामुळे वास असा की हातात पुदिना देतात नाकाला लावायला. गच्ची चामड्याच्या दुकानाची असते, म्हणून खाली उतरताना खरेदीचा आग्रह ठरलेला. वाटाड्याला अशा खरेदीवर अनेकदा दलाली मिळते. घासाघीस करा, नको असेल तर ‘ला, शुक्रन’ म्हणून निघा. कुणी वाईट मानत नाही. वाटाड्या सरकारी परवान्याचा घ्यावा, गळ्यात ओळखपत्र असतं. गल्लीत आपणहून मागे लागणारा नको.

शुक्रवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात आणि घरोघरी कुसकुस शिजतो. खरेदी करायची असेल तर तो दिवस टाळा, जुमा करवीयीनमध्ये पढायचा असेल तर तोच निवडा. दोन्ही एका दिवसात साधत नाही. आम्हाला विचाराल तर जुमा.

बाब बूजलूदच्या निळ्या दरवाजातून आत शिरलात की रस्ता सारखा उतरत जातो. परतताना तोच चढ असतो. सोबत म्हातारी माणसं असतील तर आल्या वाटेनं मागे न जाता खालच्या रसीफ चौकात या. तिथे लाल छोट्या टॅक्सी मिळतात. एकीत तीनच माणसं बसतात, तेव्हा मोठ्या कुटुंबानं दोन कराव्या.