करंडक

रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक म्हटलं की विजेत्यांनी उंचावलेला चषक डोळ्यांपुढे येतो. पण करंडकाचं मूळ काम मिरवण्याचं नाही, जपण्याचं आहे. संस्कृतात ‘करण्ड’ म्हणजे वेताची किंवा बांबूची टोपली, झाकणाची पेटी. आपली करंडी आणि कुंकवाचा करंडा ही त्याच घरची भावंडं.

बौद्ध परंपरेत या शब्दाला सर्वांत मोठा मान मिळाला. बुद्धांच्या किंवा थोर भिक्खूंच्या अवशेषांना ‘धातू’ म्हणतात. इथे सोनं-तांबं अभिप्रेत नाही. अस्थी, दात, केस हेच धातू. ते ठेवायचं पात्र म्हणजे धातुकरंडक आणि स्तूपाच्या पोटातली त्याची जागा म्हणजे धातुगर्भ. श्रीलंकेत स्तूपाला ‘दागब’ म्हणतात, तेही यावरूनच.

आपल्याकडे अशा धातुकरंडकाचा विलक्षण पुरावा नालासोपाऱ्यात मिळाला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याची खापरं! बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती श्रद्धेनं जपलेली होती. एवढ्या आवरणांची किंमत त्या खापरांपुढे काहीच नाही, असं मानणाऱ्या त्या अनाम भक्तांपुढे मी नतमस्तक होतो. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.